जैनबबीच्या फरशीखाली

३ डिसेंबर, बुधवार

आज नागपूरचे अकरा जण होते. सगळ्यात जास्त वेळ जैनबबीच्या फरशीवर बसले. थंडी होती ना — कोणी उठायलेच तयार नाही.

वस्तीफेरी सुरू होऊन महिना झाला. संस्थेचे प्रफुल्लदादा यवतमाळहून आलते तेव्हा म्हणे, बाहेरचे लोक तुमच्या झोपडपट्टीबद्दल काहीबाही बोलतात, आता तुम्हीच हिंडून दाखवा. बारावीच्या पुढं शिकलेली मी एकटीच, म्हणून पह्यली गाईड मी. वणीच्या रस्त्यावरून लोकायले आत घेते. हापशी, भंगाराची गल्ली, आमच्या घरी याडीच्या, माह्या आईच्या, हातची भाकर. अन् शेवटी, बंद खदानीच्या कडेले, जैनबबीची खोली.

तिची फरशी गरम असते. उन्हाळ्यात बसवत नाही, हिवाळ्यात उठवत नाही. वस्तीतल्या बायका म्हणतात, खाली मुख्तारचाचा आहे म्हणून. ९४ साली खदानीत पाणी भरलं तेव्हा तिचा नवरा पह्यल्या पाळीत होता. बाकीच्यायची मयत मिळाली, त्याची नाही. जैनबबीनं त्याच जागेवर, वर, खोली बांधली. म्हणते — नीचे चलते रहता, बेटा. मले ऐकू येते.

हे मी रोज सांगते. आज एका बाईनं विचारलं, कसा चालतो? माह्या तोंडातून निघून गेलं — तीन पावलं चालते अन् थांबते. मंग पुन्हा तीन.

असं कोणीच कधी सांगतलं नव्हतं. मीच बनवलं. त्या बाईच्या हातावर काटा आला, ते पाहून मले बरं वाटलं. हे इथंच लिहून ठेवते.

७ डिसेंबर, रविवार

कोणीतरी फेरीचा व्हिडिओ टाकला. जैनबबी बोलते, मी तीन पावलायचं सांगते, मागं भिंतीवर मुख्तारचाचाचा फोटो. लय लोकायनं पाह्यला म्हणे. प्रफुल्लदादा खूश.

१२ डिसेंबर, शुक्रवार

डबा द्यायले गेलती. जैनबबीनं हात धरून खाली बसवलं. म्हणे, "तू बरोबर सांगतलं व पोरी. मी इतकी वर्षं ऐकून राह्यली, कधी ध्यान नाही दिलं. तीनच पावलं. मंग थांबते."

व्हिडिओ तिनं पाह्यला असन. म्हातारं माणूस, एकदा कानावर पडलं की तसंच ऐकू येत असन. घरी येऊन याडीले सांगतलं तर ती पीठ मळता मळता थांबली. "काहून बनवतं असं?" एवढंच म्हणाली.

१४ डिसेंबर, रविवार

भर दुपारी बारा वाजता ऐकलं.

वर्ध्याची पोरं होती, सहा. मी म्हटलं, ज्याले पाह्यजे त्यानं कान लावून पाहा. ते हसत हसत आडवे झाले. मीही लावला. पह्यले काहीच नाही, फक्त शहाबादीची ऊब. मंग — ठक. ठक. ठक. लांबून, जाड मातीतून. पोरं हसायची थांबली. मी मनात मोजत होती. चौथं आलंच नाही. मंग जरा वेळानं पुन्हा तीन.

पोरं बाहेर निघाली तरी मी उठली नाही. जैनबबी माह्याकडे पाहून हसत होती. नव्या नवरीसारखी.

२१ डिसेंबर, रविवार

आज फेरीत देवीलालजी म्हणून एक म्हातारे होते. पस्तीस वर्षं खदानीत काढलेली, आता रिटायर. मुलीकडे वणीले आले अन् तिच्यासोबत फेरीले. पूर्ण रस्ताभर गप्पा. जैनबबीच्या खोलीत पाय ठेवला अन् गप्प. कान नाही लावला. हाताचा पंजा टेकवला, भिंतीच्या बुडाले नाक लावून वास घेतला, मंग हळूच सगळ्यायले बाहेर काढलं.

हापशीजवळ मले बाजूले घेतलं.

"बाई, हे भूत नाही. खाली कोळसा जळून राह्यला. कधीपासून, देव जाणे. दगड तापते, तडकते, गळून पडते — तेच तुम्ही ऐकता. वर माती किती उरली कोणाले माहीत?"

"किती दिवस टिकन?" मी विचारलं.

"दहा दिवस, नाहीतर दहा वर्षं. पण मी त्या खोलीत माझी म्हैस नाही बांधणार."

मी म्हटलं, दगड पडते तर तीनच आवाज कसे येतात? त्यायनं पंजा धोतराले पुसला. म्हणे, "ते मले नाही सांगता येत."

२३ डिसेंबर, मंगळवार

प्रफुल्लदादानं फेरी बंद केली. खदानीच्या ऑफिसात अर्ज दिला. माणूस येईन म्हणे, सुट्ट्या झाल्यावर.

जैनबबीले सांगायले मी अन् याडी गेलतो. आमच्या घरी चल, याडी म्हणाली, दोघी मिळून राहू. जैनबबीनं आम्हाले चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. मंग याडीले शांतपणे म्हणाली, "बसंती, तुह्या नवऱ्याले तू खांद्यावर पोहोचवलं. माह्यावाल्याले मी मातीबी नाही देऊ शकली. आता तो इतका जवळ आला, अन् त्याले एकट्याले सोडून जाऊ?"

जवळ आला. हे ती पह्यल्यांदा म्हणाली. मी विचारलं, जवळ म्हणजे? "पह्यले लांब होता. तू लोकायले सांगायले लागली तसा वर येऊन राह्यला."

येताना याडी माह्या पुढं पुढं चालली.

२८ डिसेंबर, रविवार

भिंतीले भेग पडली. बोट जाते. आतून गरम हवा, जळक्या रबरासारखा वास. माठातलं पाणी कोमट. शेजारची कौसल्या लेकरं घेऊन दिराकडे गेली. जैनबबी दुपारभर फरशीवर कान लावून पडलेली असते. मी हाक मारली तर बोट ओठावर ठेवते.

पावलं मलेही मोठी ऐकू आली. उभ्या उभ्या.

३१ डिसेंबर, बुधवार

माणूस आला नाही.

३ जानेवारी, शनिवार

सकाळी एक बाई आली. पस्तीसेक वर्षांची, बुरख्यात, एकटी. फेरी बंद आहे म्हटलं तर म्हणे, "मले फक्त ती खोली पाह्यची आहे. बोरी अरबहून आली मी."

नाव अस्मा. तिले घेऊन गेली. जैनबबीनं बस म्हटलं, पण ती उभीच. भिंतीवरच्या फोटोसमोर. जैनबबी तिले पावलायचं सांगत होती, ही नुसती हो हो करे. बाहेर आली. हापशीच्या कठड्यावर बसली अन् मोबाईलमधला फोटो दाखवला. पांढऱ्या दाढीचा म्हातारा. तेच रुंद कपाळ, तोच खाली वळलेला डावा डोळा.

"हे माझे अब्बा. मुख्तार. मागच्या वर्षी वारले. मी चार वर्षांची होती तेव्हा आईनं दुसरा निकाह केला यायच्यासोबत. हेच माझे अब्बा. खदानीत होते, एवढंच सांगत. कुठल्या, विचारलं की उठून जात. वणीकडे कधी पाय नाही ठेवला. मी व्हिडिओत तो फोटो पाह्यला अन् तीन रात्री झोपली नाही."

मी म्हटलं, म्हणजे ते पाण्यातून निघाले? निघून सरळ निघून गेले?

"मले माहीत नाही बहीण. तू सांग, मी त्या म्हातारीले काय सांगू?"

ती रडत बसमध्ये बसली. फोटो माह्या मोबाईलवर पाठवून गेली.

४ जानेवारी, रविवार

दिवसभर तो फोटो पाहत राह्यली. एकतीस वर्षं ती बाई रिकाम्या मातीवर कान लावून बसली. मंग मी ऐकलं ते काय होतं? त्याचा विचार करायचा नाही ठरवलं.

याडीले सगळं सांगतलं. ती म्हणाली, "सांगून टाक. रडन, छाती पिटन. पण जिती राहीन."

मी म्हटलं, अस्मानंच पक्कं नाही सांगतलं. याडी म्हणाली, भेग किती वाढली?

५ जानेवारी, सोमवार

सांगतलं.

अकरा वाजता गेली. चप्पल दारात काढली अन् फरशीनं पाय भाजले. ती गोधडीची चौपट घडी करून त्यावर बसलेली. मी मोबाईल तिच्या हातात दिला. अस्माचे शब्द जसेच्या तसे सांगतले, फक्त एक सोडून. "मले माहीत नाही" असं अस्मा म्हणाली होती, ते नाही सांगतलं. मी म्हटलं, हाच तो.

ती लय वेळ पाहत राह्यली. डोळ्याजवळ नेऊन. खाली आवाज सुरू होता. तीन. थांब. तीन. आम्ही दोघी ऐकत होतो अन् दोघी ऐकत नाही असं दाखवत होतो.

मंग तिनं विचारलं, "पोरं किती?"

"एक मुलगी. दुसऱ्या बायकोसोबत आलेली."

"दाढी ठेवली त्यानं," ती म्हणाली. "मी म्हणत होती तेव्हा नाही ठेवली."

रडली नाही. उठली, पेटी ओढली, दोन लुगडी, कुराण, चहाची गंजी. भिंतीवरचा फोटो काढला अन् फरशीवर पालथा टाकला. मी उचलायले वाकली तर म्हणाली, "राहू दे."

मी पेटी डोक्यावर घेतली. ज्या रस्त्यानं मी लोकायले आणत होती त्याच रस्त्यानं तिले उलटं नेलं. भंगाराची गल्ली, हापशी. लोक दारात उभे. ती कोणाशी बोलली नाही, मागं वळली नाही. आमच्या दारात आल्यावर फक्त माह्या पायाकडे पाहून म्हणाली, "भाजलं ना तुले? तेल लाव."

८ जानेवारी, गुरुवार

खोली गेली.

सकाळी दहा वाजता. आवाज झाला तो ट्रक उलटल्यासारखा. आम्ही धावलो तर खोली नव्हतीच. विहिरीएवढा खड्डा, त्यातून धूर, अन् कडेले तिच्या दाराची चौकट तेवढी उभी. आत कोणी नव्हतं. आजूबाजूच्या पाच घरायले शाळेत हलवलं. ऑफिसचा माणूस आज आला, टोपी घालून.

कौसल्या सामान न्यायले आलती, तिनं पडायच्या आधी ऐकलं म्हणे. चालणं नाही. कोणीतरी खालून धावत गेलं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, अन् परत. जसं कोणाले तरी शोधून राह्यलं. मी तिले म्हटलं, कोणाले सांगू नको. ती म्हणाली, मी कायले सांगू?

सगळे माह्या पाठीवर हात ठेवतात. तुह्यामुळे म्हातारी वाचली. जैनबबी पाह्यले आली नाही.

१२ जानेवारी, सोमवार

जैनबबी आता खूप बोलते. जो येईन त्याले सांगते — पळपुटा होता, मले फसवलं, मी मूर्ख. काल एकतीस वर्षांनी काचेच्या बांगड्या भरून आली. खाते नीट. याडीसोबत भांडतेही. बरं चाललं आहे असंच म्हणावं लागन.

१५ जानेवारी, गुरुवार

अस्माचा फोन आला. अब्बाच्या संदुकीतून तिच्या मामाले जुनं ओळखपत्र सापडलं. तिनं वाचून दाखवलं: बापाचं नाव मुख्तारचाचाच्याहून वेगळं, गाव वेगळं, खदानही वेगळी. तो मुख्तार दुसराच होता. ती माफी मागत होती. मी फोन ठेवला.

जैनबबी चुलीजवळ बसून भाकर खाऊन राह्यली. मी तिले सांगतलं नाही.

उद्या खड्डा बुजवणार आहेत.