दादा घरी, मी रिमांड होममध्ये

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण कोर्टातला तो दिवस आठवला की मला अजून शिसारी येते, आणि ती तुमच्यापाशी येऊन थांबते.

आणीबाणी उठली त्या वर्षी दादा नववीत नापास झाला. तुम्ही सातपूरहून शिफ्ट संपवून आलात आणि त्याला पट्ट्यानं फोडून काढलंत. तो घर सोडून निघाला. त्याला अनोळखी माणसाशी बोलतानासुद्धा घाम फुटायचा, म्हणून मी सोबत गेले. पोळ्या मी बांधून घेतल्या, नाशिकरोडची बस मीच विचारली. मनमाड स्टेशनवर पोलिसांनी आम्हाला एकाच बाकावरून उचललं.

मग पोरांचं कोर्ट. टेबलामागे एक साहेब आणि एक बाई. साहेब दादाला विचारतात, "काय रे, अभ्यासाचा कंटाळा आला का?" दादा मान हलवतो. साहेब तुमच्याकडे बघून हसतात. "पोरं करतातच असं. घेऊन जा याला." मग बाई माझ्याकडे वळतात. "तू कोणाबरोबर पळालीस?" "दादाबरोबर." "ते कळलं गं. मनमाडला कोण भेटणार होता?" कोणीही नाही, हे मी रडून सांगितलं. दादा शेजारीच उभा होता, त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही. मला सरकारी दवाखान्यात नेऊन तपासलं. काय तपासलं ते तुम्हाला माहीत होतं. मी चौदा वर्षांची होते. "मुलीच्या भल्यासाठीच," असं त्या बाई पदर सावरत म्हणाल्या. कोणी माझं भलं करायला निघालं की मी आजही तिथून उठून जाते.

अहवाल चांगला आला. 'चांगला' हा त्यांचाच शब्द. साहेब तुम्हाला म्हणाले, "न्यायचं तर न्या घरी." दादानं तुम्हाला सगळं खरं सांगितलं होतं. तरी तुम्ही टोपी हातात घेऊन म्हणालात, "ठेवा साहेब तिला. जरा वळण लागेल." दादाला आईनं भाकरतुकडा ओवाळून घरात घेतलं होतं. मी दोन पावसाळे रिमांड होममध्ये काढले. भिंतीपलीकडे खिसे कापून, कुलपं फोडून आलेले मुलगे होते, ते आम्हा मुलींच्या आधी सुटून जायचे. आम्ही नुसत्या घरातून निघालो होतो. परत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "मागच्या दारानं ये, लोक बघतात."

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. दादाला तर नाहीच, त्याच्या घरी तुमच्या फोटोला रोज ताजा हार असतो. एक मात्र सांगून टाकते. तिथं रविवारी भेटायला यायची परवानगी होती. तुम्ही येत नाही हे कळून चुकल्यावरही मी दर रविवारी वेणी घालून फाटकाशी बसायचे. तुम्ही नुसते येऊन उभे राहिला असतात, तरी मी सगळं विसरले असते. फाटकाशी बसलेल्या त्या पोरीची मला अजून चीड येते.