डावीकडचा ड्रमवाला

९ नोव्हेंबर, शनि.
ओसाकाहून पार्सल आलं. तीच जॅझ त्रयी, क्लबातलं रेकॉर्डिंग: पियानो, बास, ड्रम. माझ्याकडे ही चौथी आवृत्ती. शुभदाने खोका बघूनच ओळखलं. "परत तेच?" लग्न झाल्यापासून तिने विचारायचं सोडलं नाही. मी उत्तर द्यायचं सोडलं. तेच नसतं. पहिल्या सीडीत बासवाला भिंतीपलीकडे होता. दुसरीत खोलीत आला. तिसरीत त्याचा श्वास ऐकू आला, आणि मागच्या टेबलावर कुणी ग्लास ठेवला तोही. चौथीत आणखी काय उघडतं ते बघायला दोन महिने वाट पाहिली.
जपानी सीडीच्या पाठीवर असते ती कागदी पट्टी न फाडता प्लास्टिक काढलं. लावली.
ड्रमवाला नाही.
म्हणजे आहे, पण गोणपाटाखाली. ह्या रेकॉर्डिंगात तो डाव्या स्पीकरात बसतो, पियानो उजव्यात. झांजेवरून फिरणारा ब्रश, सगळी गंमत त्या ब्रशची, तो पार पुसलेला. मास्टरिंग करताना कुणीतरी डुलकी काढली. ओसाकाच्या दुकानदाराला लगेच कडक मेल टाकली. डावा चॅनल खराब, पैसे परत नकोत, धड सीडी हवी.
मोटर दुरुस्तीच्या दुकानात आज विशेष नाही. तलासरीच्या पोल्ट्रीवाल्याची पाण्याची मोटर ऐकून पास केली. लोण्यासारखी चालतेय. डाव्या कानाला सकाळपासून दडा बसलाय. आंघोळीचं पाणी असेल.

१० नोव्हें., रवि.
घोलवडला गेलो नाही. बेहरामशेठना सर्दीची थाप मारली. त्यांच्या चिकूवाडीवर दर रविवारी आमची बैठक, कित्येक वर्षांची. पंप दुरुस्तीला गेलो होतो पहिल्यांदा. आत सीडी चालू होती, बास ऐकून हातातला पान्हा हातातच राहिला, आणि तासाचं काम मी दिवसभर पुरवलं. अशा माणसाला खराब माल काय ऐकवायचा.
दुपारी स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. ड्रम उजवीकडून आला, लख्ख. ब्रश, झांज, सगळं. पियानो डावीकडे गेला तो गोणपाटात गेला. म्हणजे सीडी ठीक, डावा स्पीकर बसला. आपल्याकडची खारी हवा, तांबं हिरवं व्हायला वेळ लागत नाही. जोड उघडले, घासले, परत आवळले.
फरक नाही.
ओसाकाला 'थांबा' म्हणून कळवायला हवं. आधी खात्री करू.

१२ नोव्हें., मंगळ.
दोन्ही स्पीकर उचलून इकडचे तिकडे केले. तरी डावीकडचं मेलेलंच. म्हणजे स्पीकर नाही. खोली? पडदा काढला, सतरंजी गुंडाळली, भिंतीला हात लावून ओल पाहिली. शुभदाला खुर्चीत बसवलं. ती म्हणाली, दोन्हीकडून सारखंच येतंय. मी म्हटलं, तुझा कान भजनाला ठीक आहे. ती उठून गेली. जेवणात वरण एवढं पातळ होतं की बोलायची गरज नव्हती.
ओसाकाचं उत्तर आलं. माफी, खूप माफी, आणि दुसरी प्रत आजच पाठवतोय. मेला लाजवतो.
कानात कोमट खोबरेल घातलं. दडा तसाच.

१४ नोव्हें., गुरु.
तलासरीचा पोल्ट्रीवाला मोटर टेम्पोत घालून दारात. जाम झालेली. "तुम्ही कानाने पास केलेली म्हणून मी बिनधास्त होतो, भाऊ. पक्ष्यांना सकाळपासून बादलीने पाणी घालतोय." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं वाटलं असतं. उघडून बघितली, बेरिंगचा भुगा. असं बेरिंग मला रस्त्यावरून जाताना कळतं.
कोपऱ्यात एक भंगारातली मोटर आहे, तिचं बेरिंग खराब हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. हाताखालच्या लक्ष्मणला म्हटलं चालू कर. नेहमीसारखं, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगावर, मूठ डाव्या कानाला. ही माझी रीत. उजवा हात स्विचजवळ लागतो म्हणून डावा कान. दुकान ह्याच कानावर उभं राहिलं, बोर्डावर काय लिहिलंय ते कोण वाचतो.
आवाज आला. खरखर, नीट. पण उजव्या कानात.
मूठ डावीकडे, मोटर डावीकडे, आणि खरखर डोक्यातून पलीकडे जाऊन उजव्यात ऐकू येतेय. मी किती वेळ तसा उभा होतो माहीत नाही. लक्ष्मणने स्वतःच मोटर बंद केली. "दादा, बसा."
दोष पडद्याचा नव्हता, वायरीचा नव्हता, हवेचा नव्हता.
शनिवारी मोटर लोण्यासारखी वाटली ती का, ते आत्ता कळलं. ऐकूच कमी येत होती.

१५ नोव्हें., शुक्र.
वापी. कानाचे डॉक्टर, तरुण आहेत, सावकाश बोलतात. ट्यूनिंग फोर्क, तो दोन टोकांचा काटा, वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला. कुठे ऐकू येतं? उजवीकडे. ते मला कालच कळलं होतं. मग काचेच्या खोलीत बसवून टुकटुक. कागदावर दोन रेघा. उजवी सरळ, वयाच्या मानाने चांगली म्हणाले. डावी पायरी पायरी उतरते आणि विहिरीत.
नस अचानक बसते कधीकधी. कारण बहुतेकदा सापडत नाही.
"दडा बसला त्याच दिवशी का नाही आलात?"
"ॲम्प्लिफायर तपासत होतो."
ते हसले नाहीत. शुभदाही नाही. लवकर गोळ्या सुरू झाल्या तर काहींचं परत येतं, जितका उशीर तितकं कठीण, असं म्हणाले. गोळ्या दिल्या, पुढच्या आठवड्यापासून कानाच्या पडद्यातून इंजेक्शन. शेवटी "बघू."
हे बघू मी ओळखतो. वाइंडिंग पूर्ण जळलं की गिऱ्हाइकाला मीही बघू म्हणतो.
येताना शु. गाडीत माझ्या डाव्या हाताला बसली होती. उंबरगावपर्यंत एकटीच बोलत होती. मला वाटलं, रागाने गप्प आहे.

२४ नोव्हें., रवि.
गोळ्यांनी झोप नाही, भूक राक्षसाची. इंजेक्शनला खोली गोल फिरते.
घोलवडला गेलो, सांगून टाकलं. बेहरामशेठ एक चिकू उचलून हातात फिरवत बसले. अंगणात बाया प्रतवारी करत होत्या, मोठे इकडे, बारके तिकडे. मग म्हणाले, "तू साला जिंदगीभर दुसऱ्याच्या मोटरला काय झालं ते ऐकला. आपली मोटर गेली तर वायर बदलत बसला."
मी हसलो. ते नाही. आतून रुमाल आणायला गेले, लवकर आले नाहीत.

३ डिसें., मंगळ.
शेवटचं इंजेक्शन. परत काचेची खोली, परत रेघा. डावी जिथे होती तिथेच. डॉक्टर म्हणाले आता थांबू. ऐकायचं मशीन लावता येईल, पण त्यात शब्द येतील, संगीताचं सांगत नाही.
आणि एक: उजव्यात काहीही वेगळं वाटलं, आवाज पातळ, दडा, काहीही, तर त्याच दिवशी. मध्ये एक रात्र जाऊ द्यायची नाही. शु.ने त्यांचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. माझ्या फोनमध्ये पण घातला. लक्ष्मणच्या पण.
डाव्यात गुणगुण सुरू झालीय. कोरड्या बेरिंगची. ग्रीस कुठून घालणार.

११ डिसें.
ओसाकाची दुसरी प्रत आली. आत हाताने लिहिलेली चिठ्ठी, पुन्हा माफी. त्या माणसाने पदरमोड करून पाठवलीय. खरं कळवलं: सीडीत दोष नव्हता, माझा डावा कान गेला आहे, मला ते तेव्हा कळलं नाही. दोन तासांत उत्तर. "दोन्ही प्रती ठेवा. मला फार वाईट वाटलं. तुम्ही ऐकत राहाल अशी आशा करतो."
ही आशा का विनंती, इंग्रजीतून नीट कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

२२ डिसें., रवि.
लावून पाहिली. चारही आवृत्त्या, एकापाठोपाठ. पूर्वी डोळे मिटले की मला तिघांच्या मधोमध खुर्ची मिळायची. आता तिघे उजव्या भिंतीला चिकटलेत, बस सुटायच्या वेळेला फलाटावर उभे राहतात तसे. चार आवृत्त्यांत फरक उरला नाही. मोजून चार खोके, एकच सीडी. शु. बरोबर होती. परत तेच.
कपाटभर आहेत. कुणाला द्यायच्या म्हटलं तरी कोण घेणार, आता सीडी लावायला घरात यंत्र कुणाकडे आहे.

५ जाने., रवि.
दुकानात स्क्रूड्रायव्हर आता लक्ष्मण लावतो. ऐकतो आणि माझ्याकडे बघतो. मी मान हलवतो. काय ऐकून हलवतो ते त्याला माहीत आहे. रानशेतच्या त्याच्या शेतातला नवा तांदूळ आणून दिला, पैसे घेईना. माणसाला तांदूळ द्यावासा वाटला म्हणजे आपली अवस्था किती कळून चुकली असेल लोकांना.
उजवा कान लावून मी पण शिकायचा प्रयत्न केला. हात उलटे पडतात. बेरिंग ऐकू येतं, पण किती दिवस चालेल ते कळत नाही. तेच तर विकत होतो मी.

१९ जाने., रवि.
बेहरामशेठनी गुपचूप मागवलेली सीडी काढली. मोनो. स्टिरिओच्या आधीचं रेकॉर्डिंग, नवीन साफ करून काढलेलं. "मोनोला एक कान बस. दुसरा कान फालतू असतो ने." आठवडाभर त्यावर विचार केलेला दिसत होता. माझी खुर्चीसुद्धा सरकवून ठेवली होती, उजवी बाजू स्पीकरकडे.
ऐकली. सॅक्सोफोन चांगला होता. सगळे एका दारातून एकदम आत यायला बघतात, कुणी आत येत नाही. वर माझी गुणगुण. म्हटलं, छान आहे.
"छान नाय. तुझा चेहरा दिसतो मला."
"मग विचारता कशाला?"
"खोटं बोलतो का ते बघायला." थोड्या वेळाने, "बोल तू खोटं. चालेल."
निघताना ती सीडी पिशवीत घातली त्यांनी. ओसाकाला एक ऑर्डर टाकली आल्यावर. एकटा पियानो, साथीला कुणी नाही. एकच माणूस असेल तर कुणी हरवणार नाही असा हिशोब.

८ फेब्रु., शनि.
पार्सल आलं. शु.ने स्वतः टेबलावर आणून ठेवलं, काही विचारलं नाही. उद्या सकाळी लावू.

९ फेब्रु., रवि.
सकाळी कुकरची शिट्टी अर्धी आली. खालचा भाग आला, वरचा टोकदार भाग नाही. म्हटलं कुकरची रबर गेली असेल. मग स्वतःलाच हसू आलं. लगेच परत कारण शोधायला लागलो.
उजव्या कानापाशी बोटं चोळून पाहिली. ब्रशसारखा आवाज येतो तो. अर्धाच. मग परत पूर्ण. मग अर्धा.
शु.ने स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं. ओठ दिसत नव्हते. हो म्हटलं. चहा आला, म्हणजे बरोबर उत्तर दिलं.
फ्रिजवरचा नंबर इथून दिसतो. रविवार असला तरी या म्हणाले होते. वापी तासाभरावर. गोळ्या आज सुरू झाल्या तर काहींचं परत येतं. काहींचं. माझं आलं नव्हतं.
प्लास्टिक फाडलं. पट्टीसकट फाटलं. लावली.
पियानो येतोय. वरच्या पट्ट्या जरा काचेपलीकडे, पण वाजवणाऱ्याचा डावा हात पूर्ण, लाकूड ऐकू येतंय, पेडल सोडल्याचा आवाजसुद्धा. ह्या सीडीत खोली फार मोठी आहे. आधीच्यांत एवढी नव्हती, किंवा मला तेव्हा कळली नाही.
चौथा तुकडा चालू आहे. एकूण सात. तेवढे झाले की सांगतो तिला.
शु. दारात आली. पर्स खांद्याला, गाडीची चावी हातात. माझी बोटं कानाशी बघितली असणार मघाशी. बोलतेय. हाताने थांब म्हटलं. थांबली नाही, उजव्या बाजूला येऊन उभी राहिलीय.
पाचवा सुरू—