मोठ्या तोंडाचा पंजा

फुलचूर, २७ मार्च

चि. सौ. शामकला हीस,

अ. उ. आ. फोनवर तू 'हो दादा' म्हणतेस आणि मग आपल्याच मनाचं करतेस, असा माझा पंचेचाळीस वर्षांचा अनुभव. म्हणून लेखी कळवतो. आमच्या शाळेचा शिपाई चुन्नीलाल तुमच्या बिरसीचाच आहे, तो पत्र घरी टाकील.

तुझ्या छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला, त्या पुढच्या उचलणाऱ्या दांड्यांना, लावायचा पंजा पाहायला काल दुकानात गेलो आणि थक्क झालो. लोखंडी जबड्यांचे इतके प्रकार असतात, हे संस्कृत शब्दरूपं शिकवणाऱ्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. एक अरुंद, वरून मिटणाऱ्या एका झाकणाचा, एकशे दहा किलोचा. दुसरा रुंद, दोन झाकणांचा, दोनशे तीस किलोचा. साक्षात नृसिंहाची नखं. दुकानदार म्हणाला, गुरुजी, इसमें भैंस भी आ जाएगी. तुला म्हैस उचलायची नाही, वादळात पडलेलं मोहाचं झाड मोठ्या बांधीतून, धानाच्या खाचरातून, काढायचं आहे, हे मला ठाऊक आहे. तू छोटाच हवा म्हणत होतीस, तेही आठवतं. पण एकदाच घ्यायची वस्तू भरदार घ्यावी. मोठा सांगून आलो.

अकतीच्या, माझ्या पंचांगातल्या अक्षय्य तृतीयेच्या, आत बांधी मोकळी झाली नाही, तर आमच्या जावईबापूंचा, दुधरामजींचा, चुलतभाऊ सुकराम ती ठेक्याने मागणार, आणि कंबर दुखावल्यापासून दुधरामजीही त्याच्या बाजूला झुकलेत, असं तू लिहिलंस. म्हणून ही घाई.

दुधरामजींना शास्त्रही ऐकव: 'नूतनं वाहनं पूज्यं भारहीनं दिने शुभे.' पूजेच्या दिवशी नव्या वाहनाच्या अंगावर भार ठेवू नये. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू नसतं, तसंच.

आशीर्वाद आहेतच, भांडणही चालू ठेवावे.
शालीकराम

बिरसी, ७ एप्रिल

तीर्थरूप दादास,

शि. सा. न. वि. वि. घाईत लिहिते, अक्षर लावून घे.

काल पंजाची पूजा केली. तुझा श्लोक यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. दादानं संस्कृतात लिहिलं म्हणजे मोडायचं नाही, म्हणाले. ट्रॅक्टरच्या मागे दगडांनी भरलेली पेटी असते, पुढे वजन उचललं की मागची बाजू दाबून धरायला. यांनी तीच काढून ठेवली. आजच्या दिवस बिचाऱ्यावर ओझं नको, म्हणाले. मला ते खटकलं होतं, पण संस्कृतापुढे मीही गप्प बसले.

बाई पंजा चालवून राहिली, हे पाहायला सुकराम धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसला होता, सोबत आणखी चारजण. मी मोहाचं खोड धरलं, लोडर वर घेतला, अन् मागची चाकं जमिनीवरून सुटली. दादा, दोन्ही चाकं! वर इथल्या वैमानिकांच्या शाळेचं विमान घिरट्या घालून राहिलं होतं अन् खाली मी अधांतरी, ट्रॅक्टरचं नाक मातीत अन् शेपूट आभाळात. मी स्टीअरिंगला मिठी मारली. पुढं काय केलं आठवत नाही. खोड सुटलं, चाकं धप्पकन टेकली, माझे दात एकमेकांवर आपटले. ट्रॅक्टर बाजूला कलला असता तर तुला पत्र नाही, निरोप आला असता.

हे काठी टाकून धावले. माझ्या डोक्याला, हातांना हात लावून लावून पाहत होते. मग म्हणाले, शास्त्र पाळूनही असं झालं, म्हणजे देवालाच नाही पाहिजे. अन् तिथंच सुकरामला सांगून टाकलं, की बांधी तुला देतो. मला विचारलंसुद्धा नाही. चाकं सुटली तेव्हा बसला नाही एवढा धक्का मला तेव्हा बसला. आता अकतीला नारळ फुटला की पक्कं. मग मी रोजीनं रोवणा, धानाची लावणी, करायला जाईन, आपल्याच बांधीत.

तुझी माया असू दे, आत्ता तिची फार गरज आहे.
शामकला

फुलचूर, ९ एप्रिल

चि. सौ. शामकला हीस अ. उ. आ. आणि दुधरामजींस सा. न.

तुझं पत्र शाळेत उभ्याने वाचलं आणि उभाच राहिलो. घंटा झाली, मुलं वर्गात वाट पाहत बसली, मला ऐकू आलं नाही.

आता कबुली. तो श्लोक कुठल्याही ग्रंथात नाही. उत्तरपत्रिका तपासता तपासता लाल पेनाने मी रचला. वृत्त शुद्ध आहे, बाकी सगळं पाप. तीस वर्षं मुलांना सांगतो की वचन ऐकलं की आधार विचारा. घरच्यांना सांगायचं राहून गेलं. माझी चेष्टा तुमच्या घरात प्रमाण मानली जाते, हे मला कळायला तुला हवेत लटकावं लागलं.

मी येणार होतो. स्कूटर फाटकापर्यंत काढली आणि परत लावली. तुझ्यासमोर उभं राहण्याची छाती झाली नाही. मग दुकानात गेलो. या खेपेला म्हैस बाजूला ठेवून विचारलं, की हा लोडर उचलतो किती. साडेतीनशे किलो. त्यातून पंजाचेच दोनशे तीस गेले, उरले एकशे वीस! म्हणजे मी तुला बळ नाही, ओझं पाठवलं. छोट्याने दोनशे चाळीस उरतात. हे तुला पहिल्या दिवशी कळलं होतं, मला आज.

मोठा परत घ्यायला दुकानदार कबूल झाला, छोटा शनिवारी येईल. मागची पेटी लावल्याशिवाय किल्ली फिरवू नये, खोडाचे तुकडे करूनच उचलावं, आणि पंजा जमिनीलगत ठेवून चालावं. हे तिथल्या मिस्त्रीचं वचन आहे, मी रचलेलं नाही.

हे पत्र दुधरामजींना मोठ्याने वाचून दाखव. एकही शब्द गाळू नकोस.

लोभ कमी केलास तरी तक्रार नाही.
तुझा अपराधी, शालीकराम

बिरसी, २० एप्रिल

तीर्थरूप दादास,

शि. सा. न. वि. वि. सगळं वाचून दाखवलं. लाल पेनापाशी आले तेव्हा यांनी थांबवलं, तेवढंच पुन्हा वाच म्हणाले. मला वाटलं, आता तुझा उद्धार होतो. तर म्हणाले, देवाचा कोप असता तर जमीन सोडली असती, साळ्याचा चावटपणा होय तर काऊन सोडू?

छोटा पंजा आला. पेटी यांनी स्वतः उभं राहून लावून घेतली. खोडाचे सात तुकडे केले. चाकं जागची हलली नाहीत. पाच दिवसांत बांधी मोकळी झाली. पण सुकरामला दिलेल्या शब्दाचं काय, हे विचारलं की हे कंबर दुखते म्हणून कूस बदलायचे.

काल अकती. सुकराम सकाळीच नारळ घेऊन दारात. अन् यांची खाट रिकामी, काठीही नाही. आम्ही दोघं शोधत बांधीवर गेलो. हे मधोमध बसले होते, टोपली रिकामी, भोवती मातीवर धानाचे दाणे. अकतीला ज्यानं धानाची मूठ टाकली, त्या सालापुरती बांधी त्याची. मग गावात कोणी ती ठेक्यानं मागत नाही. घरातून तिथवर, ती कंबर घेऊन, हे एकटे चालत गेले होते.

सुकराम दाण्यांकडे पाहत उभा राहिला. मग धुऱ्यावरच नारळ फोडला, एक वाटी यांच्या हातात दिली अन् दुसरी स्वतः चावत निघून गेला.

यांना उठता येईना. मी ट्रॅक्टर आणायला निघाले, तर म्हणाले, थांब, घाई कायले? आपलंच वावर होय, बसू दे थोडं. मग मीही बसले.

रविवारी जेवायला ये. तोंडानं काय बोलायचं ते बोल, लिहून काही आणू नकोस.
तुझी शामकला