सोडा म्हटलं की सोडायचं

३ मे, रविवार
आज साडूने माझी अब्रू पाण्यात घालवली. पाण्यातच होतो, त्यामुळे त्याला सोपं गेलं.
सासरेबुवांच्या शिडाच्या बोटीवर रनिंग बॅकस्टे म्हणून दोन दोर आहेत. डोलकाठीच्या वरून मागे येतात, एक डावा, एक उजवा. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूचा दोर ताणून धरायचा, नाहीतर काठी पुढे वाकते. बोट वळली की हा सोडायचा, तो ओढायचा. काम संपलं की दोन्ही पुढे नेऊन आवळून बांधायचे. मी बांधले होते. गाठीने दगा दिला. दोर सुटला आणि सासरेबुवांची टोपी समुद्रात.
साडू सगळ्यांसमोर म्हणाला, "लग्नगाठ तरी स्वतः मारली होतीत ना?"
सासरेबुवा हसले. बायकोही हसली. तिचं नंतर बघेन.
सूड घेणार.

५ मे
सासरेबुवांचे गुडघे थकले. सतरा तारखेच्या फेरीनंतर बोट दोनपैकी एका जावयाला देणार. साडूला मिळाली तर जन्मभर त्याच्या बोटीवर पाहुणा म्हणून चहाचा थर्मास धरून बसावं लागेल. त्यापेक्षा पोहत जाईन. (पोहायला शिकणे.)

७ मे
दिवाणखान्यात सराव. कपाटाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली. बायकोने पेपर वाचता वाचता "सोडा" म्हणायचं, मी त्याच क्षणी सोडायचं. विचार करायचा नाही. विचार करणाऱ्याचा दोर उशिरा सुटतो. साडू विचार करतो.
कपाट थोडं पुढे आलं. कपाटाचाच दोष.

१२ मे
प्रगती उत्तम. दुकानात मागच्या गिऱ्हाइकाने सोडा मागितला आणि माझ्या हातातली अंड्यांची पिशवी सुटली. रिफ्लेक्स पक्का झाला.
बायको म्हणते, भाऊजी ते कधीच विसरले. मी विसरलेलो नाही. साडूचा दोर अडकला की सगळ्यांसमोर म्हणायचं वाक्यही तयार आहे: "साडूभाऊ, दोर आहे तो, शेपूट नव्हे." आरशासमोर दोनदा म्हटलं. झोंबतं.

१७ मे, संध्याकाळ
वारा जोरात, उजवीकडून. सुकाणू सासरेबुवांकडे, डावा दोर साडूकडे, उजवा माझ्याकडे. म्हणजे सगळा भार माझ्यावर. आजवर कोणी टाकला नव्हता. धरलाही उत्तम.
शेजारी बसलेल्या बायकोला हळूच टोपीचं प्रकरण पुन्हा समजावून देत होतो, गाठीची बाजूही सांगत होतो. ती म्हणाली, "किती दिवस तेच ते? सोडा आता."
सोडला.
डोलकाठी पुढे वाकली, शीड फडफडलं, सासरेबुवा ओरडले. साडू आपला दोर टाकून धावला आणि माझा ओढून बसला. काठी वाचली. माझ्या दोराला हात लावण्याआधी विचारायची पद्धत असते.
सासरेबुवांनी कारण विचारलं. मी म्हटलं, हुकूम झाला होता.
बायको म्हणाली, "बाबा, मी त्यांना राग सोडायला सांगितला होता."
साडूने मान फिरवली. खांदे हलत होते.

१८ मे
विजय! सासरेबुवांचा फोन. बोट कुठल्याच जावयाला नाही, धाकट्या लेकीला. म्हणजे माझ्या बायकोला. म्हणजे माझ्याच घरात. आता कळेल साडूला कॅप्टन कोण ते. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, बघू.

२४ मे, रविवार
आमच्या बोटीची पहिली फेरी. कॅप्टनची पांढरी टोपी घालून गेलो. सुकाणू बायकोने घेतलं होतं. डावा दोर साडूकडे, उजवा त्याच्या बायकोकडे. सासरेबुवा नवी टोपी घालून मधोमध. मी थर्मास त्यांच्याकडे दिला आणि माझं काम विचारलं. बायको म्हणाली, धक्क्यावर बांधलेला दोर तुमच्याकडे. जबाबदारीचं काम. गाठ सोडवून दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. साडू काहीतरी बोलेल म्हणून वाक्य तयार ठेवलं होतं. तो आपला दोर तपासत बसला.
बायको म्हणाली, "सोडा."
सोडला. एक क्षणही उशीर नाही.
बोट बरीच लांब गेल्यावर लक्षात आलं की मी धक्क्यावर आहे. थर्मासही गेला.