सत्तर टक्के वेग

६ एप्रिल, रविवार

"भाऊजी, तो खोका आता घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. चहाचा कप हातात, नजर खिडकीबाहेर.

दादाला जाऊन आज पाच आठवडे झाले.

खोका म्हणजे संगणक. आमच्या लॅबमधून बाद झाला तेव्हा मीच दादाला आणून दिला होता. पंधरा वर्षांचं धूड. एका बाजूचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला तरच एका वेळी तासभर चालायचा, मग बंद करून गार होऊ द्यावा लागायचा. दादा दिवसभर त्याच्यासमोर, म्हणून वहिनी त्याला सवत म्हणायच्या! आज म्हणाल्या नाहीत.

नेला नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी नेतो.

९ एप्रिल, बुधवार

लॅबमध्ये दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होता होता राहिली. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस रजा घे." घेतली नाही. घरी बसून काय करू? तेच आठवणार.

१३ एप्रिल, रविवार

आणला खोका. कोपऱ्यात ठेवलाय, वर चादर टाकलीय.

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचणार आहे.

ऑगस्टमध्ये दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. कारखान्यात लेथ मशीनवर वीस वर्षं काम केलेला माणूस, त्याला व्यायामाच्या बाईंनी रबरी चेंडू दिला. चार दिवसांत तो चेंडू कपाटामागं! "घुम्या, मी काय रांगतं बाळ आहे?" मी कमी बोलतो म्हणून लहानपणापासून मला घुम्या म्हणायचा.

मग मला युक्ती सुचली. शाळेत असताना आम्ही व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये पडीक असायचो. तो खेळायचा, मी मागं उभा राहून बघायचो. ते मारामारीचे खेळ आता संगणकावर चालतात. त्या जुन्या यंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम मिळतो. नवी आवृत्ती आमच्या धुडाला झेपेना, एकेक ठोसा तीन तुकड्यांत दिसायचा. शोधून शोधून एक जुनी आवृत्ती टाकली. धावली! ५ चं बटण दाबलं आणि यंत्रात नाणं पडल्याचा तोच आवाज आला. दादा खुर्चीत ताठ बसला.

बाणांची बटणं उजव्या हाताला. खाली, तिरपं, पुढं — अर्धा गोल फिरवला की माणूस आग फेकतो. हाच व्यायाम. चेंडूला नाही म्हणणारा दादा हे दिवसातून शंभरदा करायचा. पण हरायचा. बोटं पोचेपर्यंत समोरचा पहिलवान दोन लाथा घालून मोकळा. सबंध महिना नुसता मार खाल्ला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी म्हणाला, "राहू दे रे. उचल हे."

तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी खेळाचे पर्याय उघडले आणि वेग शंभर टक्क्यांवरून सत्तर केला.

आल्यावर दोन फेऱ्या जिंकला. वहिनींना स्वयंपाकघरातून ओढून आणलं! "बघ, बघ, कसा आडवा पडलाय!"

वेगाचं मी त्याला कधीच सांगितलं नाही. नंतर दर रविवारी मागं उभा राहून पाहायचो, आणि सगळं मला संथ संथ वाटायचं. जानेवारीत शेवटच्या राक्षसाला हरवलं, तेव्हा लॅबमध्ये फोन केला. "घुम्या, लोळवला रे त्याला!"

मी "वा" म्हणालो. एवढंच.

१४ एप्रिल, सोमवार

काल अर्धंच लिहिलं. पुढचं लिहायला हात उचलेना.

फेब्रुवारीत दादाच्या कारखान्याचा फोरमन घरी आला. दादा त्याच्या मागंच लागला होता — हात आला, मला मशीनवर घ्या. "खेळात कुणाला ऐकत नाही मी आता!" फोरमन हसला. निघताना मला जिन्यात गाठलं.

"तुम्ही शिकलेले. खरं सांगा, हात कसा आहे? वाटलं तर एक दिवस मशीनवर उभं करून बघतो."

मी म्हणालो, "नका उभं करू. खेळ मी हळू केलाय, म्हणून जिंकतो. त्याला माहीत नाही."

फोरमन दोन पायऱ्या उतरला. "मग नको," म्हणाला. "लेथ कुणासाठी हळू होत नाही."

आठवड्याभरात दादाचं मशीन दुसऱ्याला दिलं. दादानं मला एकच विचारलं. "फोरमन म्हणतो, नको असं तुझ्या भावानंच सांगितलं. खरंय?"

"हो."

का, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं? कोण जाणे. संगणक पुन्हा लावला नाही त्यानं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. दोन मार्चला दुसरा झटका आला, त्यातच गेला.

खोटी आशा मी लावली. ती तोडलीही मीच.

१९ एप्रिल, शनिवार

चादर काढली. परत घातली.

२० एप्रिल, रविवार

वहिनींना सांगितलं. सगळं. वेगाचं, जिन्यातलं, सगळं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

मग म्हणाल्या, "तरीच. शेवटी शेवटी तुमचं नाव काढलं की कूस बदलायचे."

मी उठायला लागलो.

"बसा हो. जेवल्याशिवाय कुठं निघालात? भाऊजी, तो हात धड नव्हता ना? तसाच मशीनवर गेला असता तर? बोटं गेली असती, नाहीतर जीव. तुम्ही वाईटपणा घेतलात, एवढंच. मी असते तर माझी हिंमत झाली नसती." निवडलेली भाजी उचलत म्हणाल्या, "आणि तीन महिने माणूस हसत होता घरात. तेही तुमच्यामुळंच."

ताटात दोनदा वाढलं. पोटभर जेवलो. कितीतरी दिवसांनी.

२१ एप्रिल, सोमवार

रात्री सलग झोपलो. वहिनी म्हणतात ते बरोबर असेल. धड नव्हताच तो हात.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी संगणक लावला. दादा जिंकायचा तो संथ खेळ एकदा स्वतः खेळून पाहावा म्हणून. पहिल्याच फेरीत पहिलवानानं मला उभं राहू दिलं नाही. पर्याय उघडले. वेग शंभर!

वाटलं, दादाला कळलं असणार, त्यानंच वाढवला. म्हणून सत्तर केला, खेळ बंद केला, परत लावला. शंभर. लॅबची सवय — एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. तीनदा केलं. तीनही वेळा शंभर. ही जुनी आवृत्ती वेग लक्षातच ठेवत नाही. खेळ बंद केला की विसरते.

म्हणजे मी हळू केली ती एकच संध्याकाळ. पुढचे तीन महिने दादा स्वतःच्या हातानं जिंकत होता.