दादाच्या पोटातली तुझी किडनी

१४ मार्च

प्रिय धाकटे,

टाके सुकले ना? बादली उचलायची नाही, हे आधी सांगते. दादा बरा आहे. काल स्वतः दाढी केली आणि आरशात बघून म्हणाला, "धाकटीची किडनी बसल्यापासून रंग उजळलाय माझा." सगळे हसले. मीही हसले.

एक गोष्ट आम्ही तुला कळू दिली नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दादाची लघवी अचानक थांबली. तू वरच्या मजल्यावर झोपून होतीस. सोनोग्राफीच्या खोलीत माझीच ड्यूटी होती. रक्त वाहत असेल तिथे पडद्यावर लाल-निळा रंग दिसतो. तुझी किडनी नुसती करडी होती. तिला रक्तच पोचत नव्हतं.

मी बटणं फिरवली, जेल पुन्हा लावलं, वायर तपासली. मग सर्जनना फोन केला. त्यांनी लगेच पोट उघडलं. रक्तवाहिनीला पीळ पडला होता, तो सोडवला. संध्याकाळी बघितलं, तर किडनीभर रंग पसरलेला. सर्जन म्हणाले, "ताई, वेळेवर कळवलंत. नाहीतर काढावी लागली असती."

वेळेवर नाही, धाकटे. मशीन ठीक होतं. मला पहिल्याच नजरेत कळलं होतं.

तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा, डायलिसिसला त्याच्या उशाशी मी बसले. तू सुट्टीपुरती यायचीस. किडनी द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या रक्तात साखर जास्त निघाली आणि मी बाद झाले. तेव्हापासून आईच्या तोंडी एकच, "धाकटीने भावाला जीवदान दिलं." पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

पडदा करडा दिसला आणि मनात आलं, बघा आता तुमच्या धाकटीची किडनी. चार मिनिटं मी उगाच बटणं फिरवत बसले.

दादाने विचारलं, "काय दिसतंय गं?"

"थांब, मशीन नीट चालत नाहीये."

"चालू दे सावकाश. तू आहेस ना, मग मला काळजी नाही."

तेव्हा मी फोन उचलला.

विभागप्रमुखांना काल सगळं सांगितलं. दादाला सांगायला मात्र जीभ रेटत नाही. रविवारी तू ये. तुझ्यासमोर सांगेन. नंतर तुम्ही दोघं काय म्हणाल ते ऐकून घेईन.

तुझ्यावर जळलेली, तरी तुझीच,
ताई