बाईंना नावानं हाक कशी मारायची?

कारभाऱ्यांना इकडून नमस्कार.

आधी सांगते, नातीला मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात टाकायचं रद्द झालं. आता तरी दोन घास नीट जेवा.

इथं परदेशात शाळेतली मुलं बाईंना सरळ नावानं हाक मारतात. मोठ्या माणसाचं नाव घ्यायला आपल्या पोरीची जीभ रेटेना. दोन महिने गप्प बसली, अन् बाईंना वाटलं हिला काही येतच नाही.

परवा लेकाला घेऊन मीच शाळेत गेले. म्हटलं, "सांग यांना, मी चाळीस वर्षं नवऱ्याचं नाव घेतलं नाही, पण भांडायची कधी थांबले नाही." बाई खूप हसल्या. मग त्यांनी वर्गात प्रत्येकाला विचारलं, "तुमच्या घरी मोठ्यांना कशी हाक मारतात? मलाही तशीच मारा."

आपली उठली, "बाई" म्हणाली, अन् शेजारणीनं पेन्सिल पळवल्याची तक्रार त्यांच्याच भाषेत घडाघडा सांगितली. माझ्या जिवात जीव आला.

गुडघ्याला तेल लावता ना, की रान मोकळं?

आज बाईंची चिठ्ठी आली, पोरगी वर्गात फार बोलते म्हणून. लेक चिडला. चिठ्ठी सोबत पाठवलीय. तुम्हाला वाचता यायची नाही, पण चारचौघांना दाखवा.

नातीची आजी